आजोबा सापडोत, आजी न सापडो

अमेरिकेच्या सरकारला आमच्या शंकरआजोबांची जन्मतारीख हवी होती. आमच्या घराण्याकडे त्यांच्याविषयी ती सोडून बाकी सगळं होतं. ते डावखुरे होते. नाचणीचं तिझण समोर आलं की पाटावरून उठून जायचे. दशावताराच्या रात्री त्यांनी संकासुराचा टोप पळवला होता, आणि तो टोप पुढे कोणाच्या माळ्यावर सापडला, हेही माझ्या सासऱ्यांना, तात्यांना, तोंडपाठ आहे. जन्म कधी झाला विचारलं, तर तात्या म्हणाले, "मोठा पूर आला होता त्या साली." गोव्यातल्या आमच्या पेडणे तालुक्यात पूर न आलेलं साल शोधणं जास्त सोपं.

शंकरआजोबा म्हणजे माझ्या आजेसासऱ्यांचे धाकटे भाऊ. पंचविशीच्या आत मुंबईहून आगबोटीवर चढले, न्यूयॉर्कला उतरले, ते उतरलेच. मागे राहिला कोटटोपीतला एक फोटो आणि मोडीतलं एक पत्र. पणजीत मोडी जाणणाऱ्या एका गृहस्थांकडून ते वाचून घेतलं. त्यात गावातल्या तीन जणांचं देणं फेडून टाका, असं सविस्तर लिहिलं होतं. मिती होती आषाढ शुद्ध पंचमी. शक नाही, साल नाही. देणं फेडलं की नाही याबद्दल तात्या काही बोलत नाहीत.

जवळजवळ शंभर वर्षं या माणसाची कोणाला आठवण झाली नव्हती. सर्वपित्री अमावास्येला एक पिंड त्यांच्या नावाचा, बस्स. मग 2023 च्या जानेवारीत जवळच्या मोपाच्या नव्या विमानतळावर विमानं उतरायला लागली, आसपासच्या जमिनींचे भाव वर चढले आणि आमच्या घराण्यात पूर्वजांबद्दलचं प्रेम उफाळून आलं. मुंबईच्या ज्या चुलतदिरांना आमच्या कुलदेवतेचं नाव आठवायला वेळ लागतो, ते "आपली मुळं, आपली मुळं" म्हणू लागले. मुळं होती काजूच्या डोंगराखाली, आणि जुन्या मात्रिजीत, म्हणजे पोर्तुगीज काळच्या जमिनीच्या नोंदवहीत, त्या डोंगरावर दोन भावांची नावं होती.

आमचे वकील भाऊजी म्हापशाला असतात. त्यांनी घरच्या बैठकीत कायदा सांगितला. "वहिनी, शंकरआजोबा बिनलग्नाचे वारले असतील तर प्रश्न मिटला, वाटा आपल्याकडे. लग्न केलं असेल तर त्यांची मुलं, नातवंडं, सगळे इन्व्हेंटरीत, म्हणजे वारसांच्या कोर्टातल्या वाटणीत, आले. आणि आपल्या गोव्यात नवराबायकोची मालमत्ता निम्मीनिम्मी. विकायचं झालं तर वारसाची सही, वर त्याच्या बायकोची सही."

"अमेरिकेत बायका किती बदलतात!" अक्का म्हणाल्या. "कुठली सही घ्यायची?"

तेव्हा ठराव असा झाला की शंकरआजोबांचा कसून शोध घ्यावा आणि ते एकटेच सापडावेत. काम माझ्याकडे आलं, कारण मी बँकेतून निवृत्त झालेली आणि फॉर्म भरताना मला रडू येत नाही, अशी माझी घरात ख्याती आहे.

अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्यात वंशावळ शोधणाऱ्यांसाठी एक वेगळा विभागच आहे. आधी नावाची सूची शोधायचा अर्ज करायचा. सूचीत नाव निघालं की फाईलचा क्रमांक मिळतो. फाईल कागदावरचीच असेल तर ती मागवायला दुसरा अर्ज, दुसरी फी. फायलीही तऱ्हेतऱ्हेच्या. 1924 ते 1944 मधल्या व्हिसाच्या वेगळ्या, 1906 ते 1956 मध्ये नागरिक झालेल्यांच्या वेगळ्या, त्यांना सी-फाईल म्हणतात. तात्यांनी विचारलं, "आपली कुठली?"

व्हिसाची असणार नाही, हे मी सांगितलं. 1917 च्या कायद्याने अमेरिकेने नकाशावर एक मोठा पट्टा आखला आणि त्यातल्या लोकांना येऊन राहायची बंदी केली. गोवा त्या पट्ट्यात.

"पण आम्ही इंग्रजांचे नव्हतोच! आम्ही पोर्तुगालची प्रजा!" तात्या कडाडले. मी बघतच राहिले. 15 ऑगस्ट 1955 ला पत्रादेवीला पोर्तुगीजांनी सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या, तेव्हा तात्या पंधरा वर्षांचे होते आणि ती बातमी त्यांनी घरोघर धावत जाऊन सांगितली होती. त्या माणसाच्या तोंडून पोर्तुगालची वकिली ऐकण्याचं भाग्य घरात मलाच लाभलं. तो कायदा पासपोर्ट पाहत नव्हता, जन्मभूमी कुठे येते ते पाहत होता, असं सांगितल्यावर ते शांत झाले आणि पुढच्याच रकान्याला, जन्माचा देश कोणता, तिथे पोर्तुगाल हा शब्द लिहायला त्यांनी मला सक्त मनाई केली. "इंडिया लिही."

"तात्या, तेव्हाच्या कागदात पोर्तुगीज इंडिया असणार."

"मग नुसता इंडिया लिही आणि पुढचं त्यांना समजू दे."

यावर शेजारच्या जुझेबाबांनी आणखी गोंधळ घातला. त्यांचे आजोबा तारवटी, म्हणजे बोटीवरचे खलाशी, तेही तिकडेच राहिले. जुझेबाबांना पणजोबांपर्यंतचं सगळं इगर्जीच्या, म्हणजे चर्चच्या, बाप्तिस्म्याच्या वह्यांत सापडलं, तारखेसकट, आईबापांसकट, एका सकाळीत. आमच्यासारख्यांची नागरी नोंद मात्र 1910 साली पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यानंतरच नीट लागली. पण जुझेबाब आले होते ते वेगळीच तक्रार घेऊन. अमेरिकेची जनगणना 72 वर्षांनी खुली करतात. 1930 च्या यादीत त्यांना आजोबा सापडले होते आणि त्यांच्या नावापुढे वंश लिहिला होता 'हिंदू'. त्या काळी हिंदुस्थानातून आलेल्या कोणालाही, मग तो शीख असो, मुसलमान असो की रोज रोझारी म्हणणारा, अमेरिका जनगणनेत हिंदूच लिहायची.

"आमच्या पाद्र्याला कसं सांगू?" जुझेबाब विचारत होते. तात्यांनी त्यांना बसवलं, चहा दिला आणि इतकी वर्षं त्यांच्याशी नारळावरून धरलेला अबोला त्या दिवशी सोडला.

जन्मतारखेचं काम शेवटी जन्मपत्रिकेने केलं. पत्रिका होती, पण वाळवीने अर्धी खाल्लेली. वाळवीला नेमकं साल आवडलं होतं. घटका आणि पळं शाबूत, कार्तिक महिना शाबूत, कुंडली शाबूत. भटजींनी चष्मा कपाळावर चढवला आणि कुंडलीवर बोट ठेवलं. "गुरू आणि शनी दोघेही धनु राशीत. हे काय रोज घडत नाही. दर वीस वर्षांनी भेटतात, पण धनेत भेटायचे म्हणजे फार थांबावं लागतं. हे 1901 साल." मग पंचांगं काढली, बोटांची पेरं मोजली आणि नोव्हेंबरातली तारीख हातावर ठेवली. अमेरिकेला अंदाजे तारीखही चालते. तात्यांना चालत नाही.

या 1901 ने एक मोठं काम मात्र सोपं केलं. ज्याचा जन्म शंभर वर्षांच्या आतला आहे, त्याच्या मृत्यूचा पुरावा अर्जाबरोबर द्यावा लागतो. त्यापलीकडच्या माणसाला मेलेला धरतात. तात्यांना हे आवडलं नाही, कारण त्यांनी पुरावा तयार करून ठेवला होता. बारा वर्षं वाट पाहून शंकरआजोबांचा दर्भाचा पुतळा करून दहन केलं होतं, त्याच्या खर्चाची यादी बासनात होती, नारळ आणि तुपाच्या हिशेबासकट. "हे जोडून टाक," ते म्हणत होते. "मेला नसता तर एवढं तूप कोण देईल?"

नावाच्या रकान्यावर मात्र आम्ही खरे थांबलो. पोर्तुगीज कागदांत 'श' लिहायला एक्स हे अक्षर वापरत, आणि आमच्या नावांच्या शेवटी एक स्वर चिकटवत. प्रभूंचे पोरोबो झाले ते याच हातांनी. आमचा शंकर जुन्या दाखल्यावर 'शेंकोरा' होता, सुरुवातीला एक्स. मुंबईच्या बोट कंपनीच्या कारकुनाने त्याला इंग्रजी पद्धतीने एसमध्ये घातलं असेल. न्यूयॉर्कच्या कारकुनाने एक्स वाचला असेल तर आजोबा झेंकोरा म्हणून किनाऱ्यावर उतरले असतील. त्यात मधलं बापाचं नाव हेच आडनाव समजलं असण्याचीही शक्यता. मी सुचतील ती सगळी रूपं लिहून काढली. यादी वाचून भाऊजी म्हणाले, "एवढी नावं फक्त फरारी आरोपीला असतात." तात्यांना त्यात घरचं नाव 'बाबुलो' घालायचं होतं. मी नाही म्हणणार होते, पण 1940 साली अमेरिकेने देशातल्या चौदा वर्षांवरच्या सगळ्या परक्या माणसांना पोस्टात बोलावून, बोटांचे ठसे घेऊन जो फॉर्म भरून घेतला, त्यात आणखी कोणत्या नावांनी ओळखले जाता, असा प्रश्न होता. बाबुलो घातला. त्याच फॉर्ममध्ये उंची, वजन, केसांचा रंग आणि लग्न झालं आहे का, हेही विचारलं होतं. हे मी त्या वेळी कोणाला सांगितलं नाही.

अर्ज कागदावर, रजिस्टर पोस्टाने आणि शक्यतो स्टँपपेपरवर जावा, असा तात्यांचा आग्रह होता. कागदी अर्जाला 80 डॉलर आणि ऑनलाइन अर्जाला 30, हे कळल्यावर त्यांचा इंटरनेटवर विश्वास बसला. वर्गणी निघाली. मुंबईच्या दिरांनी सगळ्यात आधी पैसे पाठवले.

उत्तर आलं ते अक्कांच्या उपासाच्या दिवशी. दोन नोंदी सापडल्या होत्या. एक 1940 च्या दशकातला तो ठशांचा फॉर्म. दुसरी सी-फाईल. 1946 साली अमेरिकेने हिंदी लोकांना नागरिक व्हायची मुभा दिली, वर्षाला फक्त शंभर जणांना आत घेत. त्यानंतर कधीतरी आमचे शेंकोरा बाबुलो रीतसर अमेरिकन झाले होते.

"आणि त्या फायलीत काय असतं?" भाऊजींनी विचारलं.

"नागरिकत्वाचा अर्ज. त्यात पत्ता, धंदा, बायकोचं नाव, मुलांची नावं, असतील तर."

पुढच्या 30 डॉलरची वर्गणी तेव्हापासून गोळा होते आहे. मुंबईला फोन लागत नाही. भाऊजी म्हणतात, न मागवलेला कागद कोर्टात कोणी दाखवू शकत नाही. अक्कांनी मला बाजूला घेऊन, लग्नाच्या आधीची पानं तेवढीच मागवता येतात का, असं विचारलं. मी फॉर्म परत वाचला. तसा रकाना नाही.

तात्या मात्र बराच वेळ फोटोकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "अगो सूनबाई, तिकडची माणसंसुद्धा असे अर्ज करत असतील? आमचा आजा कुठून आला, त्याचं गाव कुठलं, म्हणून?"

"करतात की. मुख्यतः त्यांच्यासाठीच तर हा विभाग आहे."

तात्यांनी तिथल्या तिथे भाऊजींना फोन लावला आणि दारावरची आडनावाची पाटी काढून ठेवलेली कायद्यात बसते का, असं विचारलं.