आप्पा, हॉलमधले पंखे तुम्हीच ऐकले होते

नमस्कार आप्पा,

प्रतिक्रियेखाली तुम्ही 'आप्पा, भुसावळ' एवढीच सही केलीय, म्हणून मीही आप्पाच म्हणतो. उत्तर लांबणार आहे, कारण तुमचे आक्षेप दोन ओळींत निकालात काढण्यासारखे नाहीत.

ज्यांनी मूळ लेख वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भयपटातली धास्ती कॅमेरा, आवाज आणि संकलन मिळून कशी बांधतात, यावर मी लिहिलं होतं. त्यात एक ठाम वाक्य होतं : 'जो दिग्दर्शक भूत दाखवतो तो तिथेच हरतो.' त्यावर आप्पांचं म्हणणं असं. एक, तीस वर्षं त्यांनी टॉकीजमध्ये प्रोजेक्टर चालवला, लोक किंचाळायचे ते भुताचं थोबाड पडद्यावर आल्यावर. न दाखवण्याचं कौतुक हे शिकलेल्यांचं खूळ. दोन, सस्पेन्स म्हणजे रहस्य, मग प्रेक्षकाला आधीच सगळं सांगून टाकलं तर रहस्य उरतं कुठे? आणि तीन, जे मला जास्त लागलं : त्यांची माय चुलीपुढे बसून गोष्ट सांगायची तेव्हा तिच्याकडे कुठली लेन्स होती? भीती मनात असते, यंत्रात नसते.

पहिल्या मुद्द्यावर तुमचं खरं आहे. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' १९८४ साली आला, त्यात राक्षसाचा चेहरा भरपूर दाखवला होता, आणि सिनेमा तुफान चालला. वाट बघायला लावून शेवटी हाती काहीच दिलं नाही तर माणसाला फसवल्यासारखं वाटतं, आणि तो राग रास्त असतो. उधारी कधीतरी फेडावीच लागते. माझं ते वाक्य चुकीचं होतं, ते मी लेखातून काढतोय.

पण तुमच्याच प्रतिक्रियेत, अगदी जाता जाता, तुम्ही लिहून गेलात : 'किंचाळी फुटायच्या आधी हॉलमधले पंखे ऐकू यायचे.' मी तिथे थांबलो. शेवटचा खेळ, शेंगांची टरफलं, मागून शेरेबाजी, मांडीवरची पोरं, दाराशी उभं राहिलेलं पब्लिक, आणि एवढ्या सगळ्यात छताचे पंखे ऐकू येतात. म्हणजे शेंग फोडणारा हात मधेच थांबलाय. किंचाळी भुताच्या चेहऱ्यानं काढली, कबूल. पण ती शांतता कोणी आणली? त्या वेळी पडद्यावर भूत नव्हतंच. एखादं दार असेल, जिना असेल, हातात मेणबत्ती घेतलेली बाई असेल. माझा सगळा लेख त्या पंख्यांच्या मिनिटाबद्दल होता.

आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, दचकणं आणि धास्ती. दचकणं शरीराचं काम. अचानक मोठा आवाज झाला की डोळे मिटतात, खांदे वर जातात, आणि हे सेकंदाच्या दहाव्या भागाच्याही आत होतं. मनाला विचारायला वेळच नसतो. कुकरची शिटी झाली तरी माणूस दचकतो. धास्तीला वेळ लागतो, ती लोणच्यासारखी मुरावी लागते. भांडं पाडून कोणालाही दचकवता येईल. धास्ती घालायची तर समोरच्याला आधी काहीतरी माहीत असावं लागतं.

म्हणून तुमचा दुसरा आक्षेप मला अजिबात पटत नाही. रहस्यकथेत लेखक लपवतो. खून कोणी केला हे शेवटच्या पानापर्यंत कळू देत नाही, आणि आपण डोकं चालवत बसतो. सस्पेन्स या शब्दाच्या मुळाशी टांगण्याचा, लटकत ठेवण्याचा अर्थ आहे. आपण म्हणतोच की, जीव टांगणीला लागला. कधी म्हणतो? घरातलं माणूस ऑपरेशनला आत नेलेलं असतं आणि आपण बाहेरच्या बाकावर बसलेलो असतो तेव्हा. आत काय चाललंय हे ठाऊक असतं, म्हणूनच जीव टांगणीला लागतो. ज्याला ऑपरेशनची खबरच नाही तो वावरात निवांत असतो.

सस्पेन्सपटांचा दिग्दर्शक हिचकॉकनं १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या लांबलचक मुलाखतीत हेच टेबलाखालच्या बॉम्बवरून समजावलं होतं. दोन माणसं गप्पा मारतायत आणि अचानक बॉम्ब फुटतो, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का. तोच बॉम्ब टेबलाखाली ठेवताना आधी दाखवला, भिंतीवरचं घड्याळ दाखवलं, तर त्याच रटाळ गप्पा १५ मिनिटं जीव खातात. 'सायको'मध्ये (१९६०) त्यानं दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात केल्या. गुप्तहेर जिना चढतोय. वरचं दार हळूच किलकिलं होतं, जमिनीवर उजेडाची चीर पडते. ती आपल्याला दिसली, त्याला नाही. मग कॅमेरा एकदम छताशी जातो आणि तिथून खाली बघतो. हल्ला दिसतो, हल्ला करणाऱ्याचा चेहरा दिसत नाही. लपवलं ते फक्त चेहऱ्यापुरतं. संकट येतंय हे मात्र आपल्याला आधीच सांगून टाकलं.

आता मायची गोष्ट.

माझी आजी यावल तालुक्यातली. कळण्याच्या भाकरी थापता थापता ती आम्हाला चकव्याची गोष्ट सांगायची. बाजार करून रात्री घरी निघालेला माणूस, वाट चुकून पुन्हा पुन्हा त्याच निंबाच्या झाडाशी येतो. पहिल्यांदा झाडाखाली कोणी नसतं. दुसऱ्यांदा झाडाखाली एक पागोटं पडलेलं असतं. तिसऱ्यांदा ते झाड जवळ आलं की आजीचा हात थांबायचा. थप थप थप चाललेला आवाज एकदम बंद. चुलीतला जाळ खालून तिच्या अर्ध्या तोंडावर, आणि रोजची आजी ओळखू येईनाशी व्हायची. उंबऱ्यापलीकडच्या अंधाराकडे मान करून ती हळूच विचारायची, "काही आवाज येस का रे?" आणि आम्ही खरोखर कान द्यायचो. मग बाहेर बैलानं मान हलवली तरी घशाला कोरड पडायची.

लेन्स नव्हती आप्पा, तुमचं खरं. पण खालून येणारा उजेड होता, जो कुठलाही ओळखीचा चेहरा परका करतो. भाकरीचा ताल होता, आणि तो कुठे तोडायचा हे तिला नेमकं माहीत होतं. तीच जागा तीनदा दाखवून तिसऱ्यांदा आम्हाला गोष्टीतल्या माणसाच्या आधी घाबरवायची युक्ती होती. आणि उंबऱ्याची चौकट होती, जिच्या बाहेरचं काहीच दिसत नव्हतं. सिनेमावाले याच गोष्टी यंत्रानं करतात. 'महल'मधलं (१९४९) 'आयेगा आनेवाला' रेकॉर्ड करताना लताबाईंना माइकपासून लांब, खोलीच्या कोपऱ्यात उभं केलं होतं, आणि गात गात त्या हळूहळू माइककडे चालत आल्या. म्हणून तो आवाज कुठूनतरी निघून आपल्याकडे येत असल्यासारखा वाटतो. यंत्र म्हणाल तर एक माइक. बाकी सगळं चालणं.

बाहेरची उदाहरणं नकोत म्हणत असाल तर रावेरकडे चला. मागच्या हिवाळ्यात आम्ही चार मित्रांनी तिथल्या एका केळीबागेत छोटी फिल्म केली. गोष्ट एवढीच की शेतीची लाइट रात्री बाराला येणार आणि बापू नावाचा शेतकरी एकटाच विहिरीवरची मोटार चालू करायला निघालाय. केळीची बाग रात्री ज्यानं पाहिलेली नाही त्याला कल्पना यायची नाही. खोडं साधारण पाच-पाच फुटांवर, सरळ ओळींत. दोन ओळींच्या तोंडाशी उभं राहिलं की लांबलचक बोळ दिसतो. दोन पावलं पुढे गेलं की तो बोळ मिटतो आणि दुसरा उघडतो. वाळकी पानं खोडाला लोंबत असतात, ती वाऱ्यानंही खसखसतात आणि कोणी घासून गेलं तरी अगदी तशीच खसखसतात.

आम्ही कॅमेरा बापूच्या बरोबरीनं आडवा चालवला. बोळ एकामागून एक सरकत जातात, आगगाडीच्या खिडकीतून खांब जावेत तसे. बापूला आम्ही चौकटीच्या एका कडेला ठेवलं आणि उरलेली जागा मोकळी सोडली. अशी मोकळी जागा सोडली की बघणाऱ्याचा डोळा आपोआप तिथे पहारा द्यायला लागतो, सांगावं लागत नाही. पाचव्या की सहाव्या बोळात, लांब, काहीतरी उभं आहे. बापूची नजर समोर आहे. कॅमेरा थांबत नाही, वळत नाही. बोळ मिटला. थोड्या वेळानं आणखी एका बोळात तेच, जरा जवळ. एका खोडाला टेकवलेला बांबू आणि त्यावर टाकलेलं गोणपाट, एवढाच त्याचा खर्च होता.

पुढे बापू मोटार चालू करतो. घरघर सुरू झाली की बघणाऱ्याचे कान गेले. इतका वेळ तो पाचोळ्यावर कान ठेवून होता, आता त्याला काहीच ऐकू येत नाही, आणि बापू पाठमोरा आहे. मग लाइट जाते. मोटार बसते. अंधारात बापू परत निघतो. पाचोळ्यावर पावलं : खस, खस, खस. तो थांबतो. त्यानंतर आणखी एक खस.

पहिल्या संकलनात आम्ही या सगळ्याखाली एक खर्जातला घुमणारा सूर टाकला होता. बागेच्या मालकाच्या अंगणात, भिंतीवर पडदा बांधून, गडीमाणसांना आणि शेजाऱ्यांना दाखवली. लोक बघत होते, पण बोलतही होते. तो सूर त्यांना पहिल्या सेकंदापासून सांगत होता की काहीतरी होणार आहे, त्यामुळे ते सावरून बसले होते. मग आम्ही सूर काढून टाकला. ते जास्तीचं पाऊल वाजल्यानंतर बापू नुसता उभा असलेला शॉट ४ सेकंदांचा होता, तो १२ सेकंदांचा केला. तुम्हाला फुटांत सांगतो. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे ६ फुटांचा शॉट १८ फुटांचा झाला. वाढवलेल्या १२ फुटांत काहीच घडत नाही. बापू कान देऊन उभा आहे, बस. दुसऱ्यांदा दाखवली तेव्हा त्या जागी अंगणात कोणी बोललं नाही.

जास्तीच्या पावलाची कल्पना आमची नव्हे, हे सांगायला हवं. 'कॅट पीपल'मध्ये (१९४२) एक बाई रात्री रस्त्यानं एकटी चाललीय, मागून दुसरीच्या टाचांचा आवाज येतोय, आणि मग तो मागचा आवाज येईनासा होतो. ती शांतता सहन होईनाशी झाली की फुस्सकन आवाज करत चौकटीत एक बस येऊन उभी राहते. अशा दचक्याला सिनेमावाले 'ल्यूटन बस' म्हणतात. तिथे पाऊल नाहीसं झालं, आम्ही एक वाढवलं. आणि न दाखवणं म्हणाल तर ते नेहमी हुशारीतूनच येतं असंही नाही. 'जॉज'च्या (१९७५) वेळी यांत्रिक शार्क खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा, म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गला पाण्याच्या पातळीवर ठेवलेल्या कॅमेऱ्यावर आणि संगीतावर काम भागवावं लागलं.

भीती मनात असते, या तुमच्या म्हणण्याचं उत्तर मला त्या अंगणातच मिळालं. आम्ही भुताची फिल्म केली होती. गोणपाटाची आकृती, अंधार, सगळं त्याच हिशेबानं. ते जास्तीचं पाऊल वाजलं, बापू उभा राहिला, आणि पुढे बसलेल्या एक मावशी हलक्या आवाजात म्हणाल्या, "बिबट्या शे." शेजारच्या दोघींनी माना डोलावल्या. ज्यांना रात्री-अपरात्री बागेत पाणी भरायला जावं लागतं त्यांना मुंज्याची पर्वा नाही, बिबट्याची आहे. आमच्या फिल्ममध्ये बिबट्या कुठेच नव्हता, तो त्यांनी घरून आणला होता. तेवढ्यापुरते तुम्ही बरोबर आहात आप्पा, आणि मूळ लेखात ही बाजू मी सोडूनच दिली होती. मावशींनी बिबट्या आणला, पण त्याला उभं राहायला १२ फुटांची मोकळी जागा संकलनानं करून दिली. आधीच्या ६ फुटांत तो मावला नव्हता.

एक गोष्ट मला तुमच्याकडून हवी आहे. रिळांच्या काळात रीळ संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका यायचा, साधारण ८ सेकंद आधी. तो दिसला की दुसरं मशीन, म्हणजे पुढचं रीळ लावलेला दुसरा प्रोजेक्टर, सुरू करायचं, आणि मग दुसऱ्या ठिपक्याची वाट बघत हात तयार ठेवायचा. हॉलमध्ये कोणाला त्या ठिपक्याचा पत्ता नसायचा, प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये एकट्या तुम्हाला असायचा. पण तुमचं ते पंख्यांचं वाक्य पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की केबिनमधल्या मशीनच्या खडखडाटात हॉलमधले पंखे ऐकू येणं शक्यच नाही. म्हणजे रीळ लावून तुम्ही केबिनमधून बाहेर, हॉलच्या दाराशी येऊन उभे राहत होतात. तो सिनेमा तुम्ही रोज तीन-चारदा पाहिलेला, भूत कुठून येणार हे पाठ, तरीही.

कोणत्या प्रसंगाला यायचात? आणि ठिपका यायच्या आत परत केबिनमध्ये कसे पोचायचात? तेवढं सविस्तर लिहा.