दोष फेडण्याचा की बंद करण्याचा?

‘कार्डाची थकबाकी पूर्ण फेडली की सिबिल स्कोअर सावरतो’ या माझ्या लेखावर आपली प्रतिक्रिया वाचली. आपण ऐंशी हजार फेडून कार्ड बंद केले, तर स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा पतदर्शक आकडा, 22 ने घसरला. बँका ग्राहकांच्या कर्जाची माहिती सिबिलसारख्या पतमाहिती संस्थांना महिन्याला नव्हे, पंधरवड्याला पाठवतात. सेटलमेंटवर, म्हणजे तडजोडीने कमी रक्कम भरून थकबाकी मिटवण्यावर, लेखात अक्षरही नाही. आणि म्हणून लेख ‘अर्धवट ज्ञानाचा नमुना’ आहे, असे आपले म्हणणे.

पंधरवड्याचे मान्य. 1 जानेवारी 2025 पासून रिझर्व्ह बँकेने तसा नियम लागू केला होता. लेखात जुनीच माहिती राहिली होती, ती दुरुस्त केली. मात्र ही चूक दोन सरळ ओळींत दाखवता आली असती, त्यासाठी ‘नमुना’ कशाला हवा होता, हे मला अजून उमगलेले नाही.

आता घसरणीचे. आपल्याच वाक्यात ‘फेडून’ आणि ‘बंद केले’ अशी दोन क्रियापदे आहेत आणि दोष तुम्ही पहिल्याच्या माथी मारलात. 2021 मध्ये मीही हेच केले होते. लाखाच्या मर्यादेचे कार्ड पूर्ण फेडले आणि रागाच्या भरात बंदही केले. उरले पन्नास हजारांचे कार्ड, त्यावर वीस हजारांचे बिल. दोन्ही चालू असती तर वापर, म्हणजे एकूण मर्यादेतला खर्चलेला हिस्सा, दीड लाखात वीस हजार, म्हणजे सुमारे 13 टक्के ठरला असता. एक बंद होताच तो 40 टक्के झाला. खर्च रुपयानेही वाढला नव्हता, तरी जिच्या आत राहावे असे म्हणतात ती 30 टक्क्यांची रेघ ओलांडली गेली आणि स्कोअर उतरला.

लातूरच्या मोंढ्यात माझ्या वडिलांनी तीस वर्षे मुनिमकी केली. पाडव्याला कुणी बाकी चुकती केली की ते तिच्याखाली तांबडी रेघ मारत, पण खात्याचे पान फाडत नसत, कारण पुढच्या पेरणीला त्याची पत त्याच पानावरून ठरायची. त्यांच्याशेजारी बसून जमा-नावे शिकलेल्या माणसाला ‘अर्धवट’ म्हणताना, साहेब, थोडे थांबायला हवे होते.

सेटलमेंट हा त्या लेखाचा विषयच नव्हता.

प्रत्येक पतमाहिती संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. तो काढा, कार्ड बंद होण्याआधीची आणि नंतरची एकूण मर्यादा त्यात पाहा, आणि ते दोन आकडे इथे लिहा. नमुना कोणाचा, ते मग बोलू.