खुलासा: दगडाची धूळ फक्त फुफ्फुसापुरती थांबत नाही

खडी क्रशर आणि फरशी कटिंगच्या कामगारांमध्ये एक संदेश फिरतो आहे: ‘दगडाच्या धुळीने फार तर दमा होतो. रोज गूळ खाल्ला की धूळ निघून जाते.’ दोन्ही दावे दिशाभूल करणारे आहेत.

दगड, काँक्रीट, ग्रॅनाइट कापताना सिलिका या दगडातल्या खनिजाचे डोळ्यांना न दिसणारे कण उडतात. ते फुफ्फुसात खोल रुततात आणि रोगप्रतिकारशक्तीला सतत डिवचत राहतात. त्यातून सिलिकोसिस (फुफ्फुसे कडक होत जाण्याचा आजार) होऊ शकतोच, पण काहींच्या शरीरात स्वतःच्याच पांढऱ्या पेशींविरुद्ध ‘अँका’ नावाची प्रतिपिंडे तयार होतात. मग बारीक रक्तवाहिन्यांना सूज येते, सर्वाधिक फटका मूत्रपिंड आणि फुफ्फुसांना बसतो. 2013 मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सिलिकाशी संपर्क आलेल्यांत या आजाराची शक्यता सुमारे अडीच पट आढळली. आजार मुळात दुर्मिळ आहे, त्यामुळे बहुतेकांना तो होणार नाही. पण झाला आणि उपचार लांबले, तर मूत्रपिंडे काही आठवड्यांत निकामी होऊ शकतात.

गुळाचा आधार आहे तो लखनौला उंदरांवर झालेल्या प्रयोगाचा. त्यावर माणसांचा जीव टांगणीला लावणे मला अजिबात मान्य नाही. कण हवेत उडू न देणे हाच खरा उपाय: पाणी सोडून कापणे, धूळ खेचणारे यंत्र, शिवाय नीट बसणारा एन-95 मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही.

लघवी लाल किंवा फेसाळ होणे, खोकल्यातून रक्त, पायांवर जांभळे ठिपके दिसले तर लगेच लघवी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासा. डॉक्टरांना आपले काम आवर्जून सांगा.