‘आधी धोरण रुळू द्या, मग अर्ज करा’: एका फिरत्या मेसेजला उत्तर

कोकणातल्या प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतो आहे. रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ, सावंतवाडी, जिथे जिथे गृहविज्ञान, अर्थशास्त्र किंवा सामुदायिक आरोग्य शिकवणारी माणसं आहेत तिथे तो पोहोचला आहे. शालेय पोषण आहार, रेशन, पाकीटबंद खाण्यावरचा कर अशा धोरणांत बदल झाला की त्याचा अभ्यास करण्यासाठी काही संस्था झटपट मंजुरीचं अनुदान देतात. त्याच्या नादी लागू नका, असं हा मेसेज बजावतो. कारणं पाच दिली आहेत. घाईचं संशोधन कच्चं असतं, म्हणून धोरण रुळू द्यावं आणि मग सावकाश अर्ज करावा. धोरणं रोज बदलतात, अभ्यास पुरा होईतो नियमच रद्द होतो. पैसा शेवटी पुण्या-मुंबईच्या नाहीतर दिल्लीच्या संस्थांनाच जातो. पैसे देणाऱ्याला हवा तोच निष्कर्ष काढावा लागतो. आणि परवानग्या मिळेपर्यंत मुदत टळून जाते.

हा मेसेज पुढे पाठवणाऱ्यांची चीड मला समजते. यूसी, म्हणजे पैसे खर्च केल्याचं प्रमाणपत्र, वेळेत दिलं तरी पुढचा हप्ता अडकलेला, प्रकल्प सहायकाचा पगार थकलेला, हे आपल्याकडे अनेकांनी सोसलं आहे. पण या पाचांतला एकच मुद्दा अर्धा खरा आहे. बाकीचे चार चुकीचे आहेत, आणि पहिला तर सगळ्यांत घातक.

झटपट होते ती मंजुरी. अभ्यास त्याच्या वेळेनेच होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, लठ्ठपणाशी संबंधित धोरणांच्या आणि कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी अशी एक योजना आणली होती. तिथले नेहमीचे अर्ज वर्षातून तीन फेऱ्यांत जातात आणि निर्णयाला कितीतरी महिने लागतात. या योजनेत अर्ज दर महिन्याला घेतले जात आणि चार महिन्यांत पैसा हातात देण्याचं उद्दिष्ट होतं. अट मात्र कडक होती. हा बदल अमुक वेळी होतो आहे, आणि नेहमीच्या फेरीची वाट पाहिली तर बदलाआधीची स्थिती नोंदवायची संधी हातची जाईल, हे अर्जदाराने पटवून द्यायचं. सगळी घाई त्या एका गोष्टीसाठी, बेसलाइनसाठी.

बेसलाइन नसेल तर काय होतं, हे समजायला बर्कलीचं उदाहरण पुरेसं आहे. कॅलिफोर्नियातल्या या शहराने साखर घातलेल्या पेयांवरच्या करासाठी नोव्हेंबर 2014 मध्ये मतदान घेतलं आणि मार्च 2015 मध्ये कर सुरू झाला. संशोधकांनी 2014 च्या एप्रिल ते जुलैमध्येच, म्हणजे मतदानाच्याही आधी, कमी उत्पन्नाच्या वस्त्यांत लोक किती गोड पेयं पितात हे विचारून ठेवलं होतं. शेजारच्या ओकलंड आणि सॅन फ्रान्सिस्कोमध्येही विचारलं. वर्षभराने तेच प्रश्न घेऊन परत गेले, तेव्हा बर्कलीत सेवन 21 टक्क्यांनी घटलेलं आणि शेजारच्या दोन शहरांत 4 टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. हे लोक ‘कर रुळू दे’ म्हणत 2016 मध्ये पोहोचले असते, तर त्यांच्या हाती फक्त 2016 चे आकडे असते. ते कमी की जास्त, कुणाला सांगता आलं असतं?

आता आपल्याकडे या. जीएसटी परिषदेने 3 सप्टेंबर 2025 ला दर बदलायचं ठरवलं आणि 22 सप्टेंबरला ते लागू झाले. बिस्किटं आणि चॉकलेट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आली. शीतपेयांवर आधी 28 टक्के कर आणि 12 टक्के उपकर होता, त्याचा आता एकच 40 टक्क्यांचा दर झाला, म्हणजे एकूण बोजा होता तेवढाच. निर्णय आणि अंमल यांच्यात 19 दिवस. शाळेसमोरच्या टपरीवर पाच रुपयांचा पुडा किती ग्रॅमचा होता, मधल्या सुट्टीत पोरं काय उचलत होती, ते पाहायला एवढेच दिवस होते. पुड्याची किंमत पाचच राहिली आणि आतलं वजन वाढलं असेल, तर मुलाच्या पोटात बिस्किट जास्त जाणार. दुकानदाराला आज विचारलं तर तो अंदाज सांगेल. जुना पुडा काट्यावर ठेवता येणार नाही.

धोरण रद्द झालं की अभ्यास फुकट, हा दुसरा मुद्दा. डेन्मार्कने ऑक्टोबर 2011 मध्ये संपृक्त चरबीवर कर लावला आणि जानेवारी 2013 पासून काढूनही टाकला. त्या सव्वा वर्षातल्या खपाच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या आणि पुढे जगभर खाद्यकरांच्या चर्चेत वापरल्या गेल्या. महाराष्ट्रात नोव्हेंबर 2023 मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं. जून 2024 मध्ये नवी पाककृती यादी आली, तिच्यात अंडा पुलाव होता आणि आपल्या कोकणच्या घरातलं नाचणीचं सत्त्वही. जानेवारी 2025 मध्ये शासनाने सांगितलं की अंडी आणि साखर यांच्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी तो लोकसहभागातून उभा करावा. अंडं आलं, तेव्हा हजेरी वाढली का? निधी थांबला, तेव्हा कुठल्या गावाने ते स्वतःच्या खिशातून चालू ठेवलं, आणि कुठल्या वाडीत पहिल्याच आठवड्यात बंद पडलं? एका गोष्टीचं येणं आणि जाणं दोन्ही सव्वा वर्षात पाहायला मिळणं ही अभ्यासाच्या दृष्टीने दुर्मीळ संधी असते. धोरण टिकलं नाही म्हणून अभ्यास वाया जात नाही. उलट पुढच्या वेळी कुणी अंड्याचा प्रस्ताव मांडेल तेव्हा त्याच्या हातात कागद हवा, नाहीतर तोच वाद पुन्हा पहिल्यापासून होणार.

तिसऱ्या मुद्द्याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो, कारण तो आपणच आपल्याला कमी लेखून लिहिला आहे. मोठ्या संस्थांकडे तयार कार्यालय असतं, अर्ज लिहून देणारी माणसं असतात, हे मान्य. पण खाण्याच्या धोरणाचा अभ्यास शेवटी चुलीपाशी होतो, आणि इथली चूल आपल्याला जितकी माहीत आहे तितकी बाहेरच्याला नाही.

मासळीचंच घ्या. शाळा जूनच्या मध्याला उघडते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्या किनाऱ्याला बांधलेल्या. घरात सुकट, सोडे, खारा बांगडा यांच्यावर भागवायचं. तेवढ्यात श्रावण लागतो आणि कित्येक घरांत तेही बंद होतं, गणपती होईपर्यंत. मग हळूहळू ताजी मासळी परत पानात येते आणि नोव्हेंबरात मालवण, हर्णैच्या आसपासच्या घरांत तिची ददात नसते. अंडं सुरू झालं ते याच नोव्हेंबरात. बाहेरून आलेल्या पथकाने जून-जुलैमधली मुलांची थाळी ‘आधी’ धरली आणि डिसेंबरातली ‘नंतर’, तर बांगड्याचं श्रेय अंड्याला जाईल. आकडेमोड बिनचूक असेल आणि निष्कर्ष चुकेल. दापोलीतल्या किंवा देवगडातल्या शिक्षकाला हे सांगावं लागत नाही. तो डिसेंबराची तुलना आदल्या डिसेंबराशीच करील, आणि खाडीकाठच्या शाळा एका बाजूला व कातळावरच्या शाळा दुसऱ्या बाजूला ठेवील.

दुसरं, रेशनच्या आणि शाळेच्या तांदळाचं. त्यात गेल्या काही वर्षांत शंभर दाण्यांमागे एक दाणा पोषक द्रव्यं घातलेला येऊ लागला: लोह, फॉलिक ॲसिड, बी-12. तांदळाच्या पिठातून यंत्रात दाबून काढलेला हा दाणा बाकीच्यांपेक्षा रंगाने जरा वेगळा दिसतो. स्वयंपाकाची ताई तांदूळ सुपात घेते, पाखडते, बोटांनी पसरते. तिची नजर अशी तयार असते की खडा चुकायचा नाही. तो वेगळा दाणा तिला लगेच दिसतो, आणि ‘हा प्लास्टिकचा तांदूळ’ असं कुणीतरी सांगितलेलं असतं, म्हणून ती तो सुपाच्या कडेला सारते. अगदी मनापासून, पोरांच्या काळजीने. साठा नोंदवहीत तांदूळ पुरा शिजल्याची नोंद होते आणि ती खरीच असते. लोह मात्र सुपाच्या कडेला राहिलेलं असतं. नोंदवहीवरून अभ्यास करणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. सकाळी नऊ वाजता त्या खोलीत ज्याला कुणी परका मानत नाही, त्यालाच कळेल. सिंधुदुर्गात कित्येक घरांना उकडा तांदूळ लागतो आणि भाताची पेज वेगळी काढली जाते. पेज काढल्यावर भातात काय उरतं, हाही इथल्याच माणसाला सुचणारा प्रश्न आहे.

आणि जिथे तो बदल झालेला नाही असा तुलनेचा गट? दोडामार्ग, सावंतवाडीच्या सीमेला एकीकडे गोवा आणि दुसरीकडे कर्नाटक लागतं. कर्नाटकातल्या शाळांत अंडं मिळतं, गोव्यातल्या शाळांत बचतगटांची भाजी-पाव चालते. तीन राज्यांची तीन धोरणं, आणि माणसं, पाऊस, पिकं बरीचशी सारखी. बर्कलीला ओकलंड होतं, आपल्याला इकडे बांदा आणि सीमेपलीकडे गोव्यातलं पेडणे आहे. प्रस्तावात हा एक परिच्छेद नीट लिहिला तर परीक्षक थांबून वाचतील.

निष्कर्ष आधीच ठरलेला असतो, यावर फार वेळ घालवत नाही. ही भीती निराधार नाही, पण तिच्यावर उपाय आहेत आणि ते आपल्या हातात आहेत. माहिती गोळा करण्याआधी काय मोजणार आणि कशी तुलना करणार याचा आराखडा तारखेसह नोंदवून ठेवा. भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीत निरीक्षणात्मक अभ्यासाचीही नोंद करता येते. मंजुरीपत्रातलं निष्कर्ष प्रसिद्ध करण्याबद्दलचं कलम सही करण्याआधी वाचा. ‘पूर्वपरवानगीशिवाय प्रसिद्धी नाही’ असं असेल तर ते बदलून मागा, आणि बदलत नसतील तर तो पैसा घेऊ नका. धोरण चालवणारं खातं आणि त्याचं मूल्यमापन करणारी माणसं वेगळी असावीत, हेही प्रस्तावात स्पष्ट लिहा.

राहिला परवानग्यांचा मुद्दा, तो अर्धा खरा. परदेशी पैसा असेल तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते आणि तो दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच घ्यावा लागतो. 2020 च्या दुरुस्तीनंतर एका संस्थेने तो दुसऱ्या संस्थेकडे वळवणंही बंद झालं. आरोग्य संशोधनात परदेशी भागीदार असला तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरी हवी. चार महिन्यांत हे सगळं बसवणं लहान कॉलेजला जवळजवळ अशक्य आहे. म्हणून परदेशी झटपट अनुदानाच्या मागे एकट्याने धावू नका, हा सल्ला मीही देईन. आपल्याकडचे मार्ग मोजके आहेत, पण 2020 मध्ये कोविड आला तेव्हा देशातल्या निधी संस्थांनी खास कॉल, म्हणजे प्रस्ताव मागवणारी आवाहनं, काढून लवकर निर्णय घेतले होते. म्हणजे ठरवलं तर इथेही जमतं.

पण बाकीच्या परवानग्यांसाठी कॉल निघायची वाट कशाला पाहायची? आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांत एथिक्स कमिटीच्या तपासणीचे तीन प्रकार आहेत: सूट, जलद तपासणी आणि पूर्ण समिती. नाव नसलेल्या नोंदींवर चालणारा भाग वेगळा काढला तर तो पहिल्या दोनांत बसू शकतो. मुलांशी बोलायचं असेल तर पालकांची संमती आणि मुलाचा होकार, दोन्ही लागतात आणि बहुधा पूर्ण समिती बसते. मग अभ्यासाचे असे दोन तुकडे करा. कॉलेजात नोंदणीकृत समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीकडे आधीच जा. धोरणाची जागा मोकळी ठेवून प्रश्नावली मंजूर करून घ्या, नंतर दुरुस्ती पाठवता येते. जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र, केंद्रप्रमुखांची ओळख, दहा-बारा मुख्याध्यापकांची लेखी तयारी, यातल्या एकाही कागदाला अनुदान लागत नाही.

शालेय आहारातले बदल कधीकधी शैक्षणिक वर्षाच्या तोंडावर येतात. एप्रिलमध्ये परीक्षा संपायच्या आत पाच शाळांतल्या थाळीत काय वाढलं गेलं आणि किती उरलं याची नोंद करून ठेवा, साठा नोंदवहीच्या पानांचे फोटो घ्या, घरी त्या आठवड्यात मासळी होती का ते विचारा. जूनमध्ये जीआर आला आणि कुठे झटपट कॉल निघाला, तर प्रस्तावातली सगळ्यांत अवघड ओळ तुमच्याकडे लिहून तयार असेल: बदलाआधीची स्थिती आमच्याकडे आहे. ज्यांना यात बरोबर यायचं आहे त्यांनी त्या मेसेजखाली आपल्या तालुक्याचं नाव लिहावं. खाडीकाठच्या शाळा कुणी घ्यायच्या आणि कातळावरच्या कुणी, ते बसून ठरवू.