नाव लिहून घेतात, हे खरं आहे

परवा सकाळी चहाच्या आधीच आईनं मोबाइल पुढं केला. "हे वाच. आणि धाकटीला फोन करून सांग, तिकडं अजिबात जाऊ नको म्हणावं."

धाकटी म्हणजे माझी बहीण, चंद्रपूर जिल्ह्यात दिलेली. तिच्या गावालगतच्या कोळसा खाणीला उत्पादन वाढवायचंय, त्याची जनसुनावणी आहे. खाण राज्याच्या त्या टोकाला, आणि मेसेज फिरतोय आमच्या कोल्हापुरात, तालमीच्या ग्रुपपासून भिशीच्या ग्रुपपर्यंत. मथळा "कोळसा अडवणारे ओळखा", खाली पाच मुद्दे. लिहिणाऱ्याचं नाव नाही.

मुद्दा पहिला : "खाण जुनी, जमीन तीच, मंजुरी आधीच मिळालेली. मग उत्पादन वाढवायला पुन्हा परवानगी कशाला?"

उसाच्या पट्ट्यातली माणसं हे फॉरवर्ड करतात याचंच नवल वाटतं. कारखान्याचं गाळप दिवसाला अडीच हजार टनांवरून पाच हजारांवर गेलं तर गेट तेच राहतं. पण ट्रॉल्यांची रांग कुठवर जाते? सांडपाणी किती वाढतं? नदीत घाण वाढली की काय होतं, ते तेरवाड बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच बघितलेल्या शिरोळकराला विचारा. खाणीचंही तसंच. जास्त कोळसा म्हणजे जास्त ब्लास्टिंग, जास्त डंपर, उपसलेल्या मातीचे आणखी उंच ढीग, आणि खड्डा खोल गेला की आजूबाजूच्या विहिरी खाली. म्हणून पर्यावरण मंजुरीत वर्षाला किती दशलक्ष टन काढायचे तो आकडा लिहिलेला असतो. 2017 साली ओडिशातल्या लोह आणि मँगनीजच्या खाणींच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं मंजुरीपेक्षा जास्त काढलेलं खनिज बेकायदा ठरवलं आणि त्याची शंभर टक्के किंमत वसूल करायला सांगितली. "कागदावरची किरकोळ चूक" म्हणणाऱ्यांनी तो निकाल बघावा.

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. वाढीव उत्पादनाला दर वेळी नवी सुनावणी लागतेच असं नाही. कोळशाची टंचाई म्हणून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं मे 2022 मध्ये आधीची 40 टक्के वाढीची सवलत 50 टक्क्यांपर्यंत नेली होती, तीही सुनावणीशिवाय. मला ते पटलेलं नाही, पण झालं ते झालं. तरीसुद्धा ती सवलत भाडेपट्ट्याच्या हद्दीपुरती होती, आणि वाढीव मंजुरी तज्ज्ञ समितीपुढून जाऊनच घ्यायची होती. आणि इथं तर सुनावणी लागली आहे! लागतच नसती तर नोटीस निघाली कशाला?

मुद्दा दुसरा, ज्याच्यामुळं आईची झोप उडाली : "सुनावणीला जाणाऱ्यांची नावं लिहून घेतात, व्हिडिओ काढतात, पुढं पोलिसांची चौकशी लागते."

हे लिहिणाऱ्याचा मला खरा राग आहे. कारण अर्धं खरं आहे, आणि त्या अर्ध्या खऱ्यावरच भीती उभी केली आहे. 14 सप्टेंबर 2006 ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना काढा. तिचं चौथं परिशिष्ट जनसुनावणीबद्दलच आहे. त्यात लिहिलंय : हजर असलेल्यांची नोंद करायची आणि ती इतिवृत्ताला जोडायची. चित्रीकरण करायचं. कशासाठी? "लोकांचा पाठिंबा होता" असं उद्या कुणी कागदावर ठोकून देऊ नये म्हणून. म्हणजे ही नोंद बोलणाऱ्याच्या बाजूचा पुरावा आहे. अध्यक्ष जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी. नोटीस किमान 30 दिवस आधी, वर्तमानपत्रात. अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत, म्हणजे इथं मराठीत. हजर असलेल्या कुणालाही प्रश्न विचारता येतो. शेवटी काय नोंदवलं ते स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं, मगच अध्यक्षांची सही. यायला जमत नसेल तर म्हणणं लेखी पाठवता येतं. पोलीस चौकशीचा त्यात एक शब्द नाही.

आणि गणपूर्तीची अट नाही, हे मेसेजवाला सांगत नाही. दहा माणसं आली तरी सुनावणी सुरू होते आणि संपतेही. बायाबापड्या घाबरून घरी बसल्या तर सुनावणी रद्द होत नाही, इतिवृत्त तेवढं कोरं राहतं. मेसेज कुणाच्या फायद्याचा, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

तिसरा मुद्दा, "उघड्या खाणीत धोका नसतो, सुरक्षा निरीक्षक फक्त त्रास देतात." 29 डिसेंबर 2016 ला झारखंडमध्ये लालमटियाच्या उघड्या खाणीत मातीचा ढिगारा सरकला, 23 कामगार गेले. पुढं बोलत नाही.

चौथा, "खाण अडली तर कोल्हापुरात लोडशेडिंग." रात्रीच्या पाळीला बॅटरी घेऊन, गव्याची धास्ती बाळगत मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला हे लगेच पटतं, म्हणून तर लिहिलंय. 2021 च्या ऑक्टोबरात कोळशाची ओरड झाली तेव्हा वीज केंद्रांनी साठा कमी ठेवला होता, मागणी एकदम वाढली होती आणि पावसाचं पाणी खाणींत शिरलं होतं. कुठल्या गावच्या सुनावणीनं दिवे गेले नव्हते.

पाचवा मुद्दा, "खाणीला विरोध करणाऱ्यांना परदेशातून पैसा येतो." माझी बहीण शिलाई मशीन चालवते.

संध्याकाळी तिला फोन लावला, स्पीकरवर. परिशिष्टातली कलमं वाचून दाखवली. तिनं विचारलं, "मग मी विचारू काय?" म्हटलं, विहिरीचं विचार. आत्ता उन्हाळ्यात पाणी किती हातांवर असतं ते आधी मोजून ठेव, आणि वाढीनंतर ते खाली गेलं तर टँकर कोण देणार ते विचार. ब्लास्टिंग घरापासून किती मीटरवर येणार, तेही विचार.

आई इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे नाव लिहून घेतातच ना?"

"घेतात."

"मग पूर्ण सांग गं. सासरच्या आडनावासकट."