ऑर्केस्ट्रा गिळणारा डबा? आधी तारखा तरी बघा

ताईने फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला आणि खाली विचारलं, "मग हिचं व्हायोलिन बंद करून कीबोर्डचा क्लास लावू का?" फॉरवर्डचं म्हणणं असं: 1983 साली यामाहाचा डीएक्स 7 हा डिजिटल सिंथेसायझर आला. त्याने ऑर्केस्ट्राचा आवाज हुबेहूब काढला. 'ब्लेड रनर'पासून पुढचं सगळं सिनेसंगीत एकेका माणसाने त्यावर उरकलं, खर्च वाचला, त्याच दशकात सिनेमातले ऑर्केस्ट्रा संपले. वर 'मिडीमध्ये (म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यं एकमेकांना जोडायच्या पद्धतीत) अख्खा ऑर्केस्ट्रा भरलेला असतो' अशी पुरवणी. हा मजकूर आधीही फिरत आला होता, तेव्हा सोडून दिला. आता पोरीच्या व्हायोलिनवर आलंय म्हटल्यावर गप्प कसं बसणार?

'ब्लेड रनर' 1982 चा. डीएक्स 7 आला 1983 ला. बाजारात न आलेल्या वाद्यावर त्याचा संगीतकार व्हँगेलिस वाजवणार कसा? व्हँगेलिसचं लाडकं वाद्य यामाहाचंच, पण सीएस-80, आणि ते अॅनालॉग, म्हणजे डिजिटल नव्हेच. संपला मुद्दा.

आता 'हुबेहूब'. खरा घोळ इथे आहे. डीएक्स 7 ज्या एफएम पद्धतीवर चालतो ती स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधली आणि यामाहाने तिचा परवाना घेतला. एका साध्या ध्वनिलहरीने दुसरीची वारंवारता इतक्या वेगाने हलवायची की कानाला थरथर न जाणवता नवाच आवाज ऐकू येतो. चाउनिंग यांचा 1973 चा लेख ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये आहे. त्यात त्यांनी कोणत्या वाद्यांसारखे आवाज करून दाखवले? पितळी वाद्यं, लाकडी फुंकवाद्यं आणि घंटेसारखे आघाताचे आवाज. व्हायोलिनचा ताफा त्या यादीत नाही. शोधणाऱ्यानेच जो दावा केला नाही, तो फॉरवर्डवाले करतायत.

आणि कारण उघड आहे. गज तारेला पकडतो, तार सुटते, पुन्हा पकडली जाते. हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं, आणि गजाचा दाब जरा बदलला की आवाजाचा पोत बदलतो. असे बारा-पंधरा जण एकत्र वाजवतात तेव्हा कोणाचाच सूर दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही, कोणाचाच गज नेमक्या त्याच क्षणी वळत नाही. तो भरदार आवाज या बारीक चुकामुकीतूनच येतो. डीएक्स 7 मध्ये एका सुरामागे सहा ऑपरेटर (म्हणजे ध्वनिलहरी काढणारे भाग), एका वेळी सोळा सूर, तेही सगळे एकाच वाद्याच्या आवाजात, बाहेर पडणारा आवाज मोनो. इलेक्ट्रिक पियानो, घंटा, टणटणीत बेस त्यावर झकास वाजतात. व्हायोलिन्स म्हणून जे वाजतं ते ऐकून बघा एकदा, मग 'हुबेहूब' म्हणा.

रेकॉर्ड केलेले आवाज पट्ट्यांवर वाजवणाऱ्या फेअरलाइट नावाच्या ऑस्ट्रेलियन यंत्राची गंमत तर याहून भारी. त्यावरचा ऑर्केस्ट्राचा तो गाजलेला 'धाड्' आवाज म्हणजे स्ट्राविन्स्कीच्या 'फायरबर्ड'च्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा! डब्याला ऑर्केस्ट्रा हवा होता तेव्हा त्याने ऑर्केस्ट्राच घेतला. आजच्या सॅम्पल लायब्रऱ्याही (रेकॉर्ड केलेल्या सुरांचे साठे) अशाच बनतात: खरे वादक बसवून एकेक सूर हळू, जोरात, तुटक, लांब असा वाजवून घेतात.

खर्चाचं मात्र अर्धं खरं आहे, मान्य करायलाच लागतं. डीएक्स 7 1,995 डॉलरला मिळायचा, आणि हॉलभर वादकांचं मानधन परवडत नव्हतं अशा कमी बजेटच्या निर्मात्यांनी सिंथकडे धाव घेतली. त्यात वादकांची कामं गेली, हेही खरं.

पण संपले? 'ई.टी.' 1982 चा, 'आउट ऑफ आफ्रिका' 1985 चा. दोन्हींच्या ऑर्केस्ट्रा संगीताला ऑस्कर. संगीतकार मोरिस जार यांनी 1984 ला 'अ पॅसेज टू इंडिया' ऑर्केस्ट्रावर केला, ऑस्कर घेतलं, आणि पुढच्याच वर्षी 'विटनेस' इलेक्ट्रॉनिक वाद्यांवर केला. विजेपासून लांब राहणाऱ्या आमिश लोकांच्या गोष्टीला विजेवरची वाद्यं! गावकरी मिळून धान्याचं कोठार उभारतात तो प्रसंग जरूर बघा. पैसे नव्हते म्हणून केलेली ही तडजोड वाटत नाही. शिवाय तिथेही एकटा माणूस नव्हता, सिंथ वाजवणारे अनेक जण होते.

राहता राहिली मिडीची पुरवणी. मिडीच्या वायरमधून आवाज जातच नाही. कोणती पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढा निरोप जातो. पलीकडे घंटेचा आवाज लावलेला असेल तर घंटा वाजेल.