लाल तोंडाचे खुलासे

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी माझ्या नाकागालांनी माझ्याविषयी परस्पर अफवा पसरवायला सुरुवात केली. कचेरीत चारचा वाफाळता चहा पोटात गेला की चेहरा तापून लाल होई, आणि मी आता खवळणार अशा समजुतीने साहेबांनी एकदा माझी चार दिवसांची रजा कारण न विचारता मंजूर केली. हा गैरसमज दूर करण्याची मला घाई नव्हती.

घरी मात्र प्रकरण अवघड झाले. एका संध्याकाळी सौ.ने दारातच "अहो, जरा श्वास सोडा बघू," असे फर्मावले. मी सोडला; त्याला भडंगातल्या लसणाचा वास होता. माझी सुटका झाली, पण भडंग तिखट असल्याने तोंडाची लाली आणखी वाढली व संशयाला जागा उरली.

पुढे गालांवर पुळ्या उठल्या, तेव्हा तारुण्य परतल्याच्या भ्रमात मी आठवडा सुखात काढला. सांगलीत चेहऱ्याला काही झाले की हळदीखेरीज दुसरे औषध कोणी सांगत नाही, आणि 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या आमच्या हळदीचा अवमान नको म्हणून मी ती सायीत कालवून लावली. दुसऱ्या दिवशी मी जेजुरीहून थेट कचेरीत आल्यासारखा दिसत होतो. मग औषधाच्या दुकानातून कोणीसे सुचवलेले मलम आणले. चार दिवसांत लाली गेली, आणि मलम थांबवताच व्याजासकट परत आली.

त्वचारोगतज्ज्ञांनी मलमाची ट्यूब पाहताच कपाळाला हात लावला, कारण तिच्यात स्टेरॉईड होते व त्याने हा विकार चिघळतो. या विकाराचे नाव रोझेशिया. त्यांनी भिंग लावून गालांवरचे केसासारखे बारीक लाल धागे दाखवले, ते म्हणजे फुगलेल्या रक्तवाहिन्या. मुरमांत दिसणारे काळे ठिपके मात्र कोठेच नव्हते. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते का, असे विचारल्यावर मी चपापलो, कारण त्याचा दोष मी वर्षभर रस्त्यावरच्या धुळीला देत होतो. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तेथे जळजळ आणि ऊब यांवरूनच ओळखावे लागते, असेही त्यांनी सांगितले. दुर्लक्ष केल्यास काही पुरुषांचे नाक जाड व खडबडीत होते, हे ऐकून मी नकळत नाक चाचपले.

ऊन, कढत पेये, तिखट आणि मद्य यांनी लाली भडकते, पण थेंबभरही न घेणाऱ्यालाही हा विकार होतो. हे शेवटचे वाक्य मी डॉक्टरांकडून चिठ्ठीवर, सहीशिक्क्यासह, मराठीत लिहून घेतले, सौ.ने ते दोनदा वाचून कपाटात दागिन्यांशेजारी ठेवले.

मेट्रोनिडॅझोलचे जेल, उन्हापासून बचावाचे क्रीम आणि निववलेला चहा यांवर आता दोन महिने झाले आहेत. चेहरा बराच शांत आहे, आणि रजेचा नवा अर्ज तीन आठवड्यांपासून साहेबांच्या टेबलावर पडून आहे.